दशावतार आणि डिस्टॉर्शन

परांड्याच्या किल्ल्यावरची सगळ्यात प्रसिद्ध तोफ आता परांड्यात नाही. मलिक-ए-मैदान तिचं नाव. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, पुढे परांड्याला आणलेली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेलेली. आज ती विजापूरच्या तटावर आहे. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी जबडा वासलेला सिंहासारखा प्राणी आणि त्याच्या दातांत चिरडला जाणारा हत्ती. कुठल्याही मेटल बँडने हे चित्र उचलून अल्बमच्या कव्हरवर छापावं, इतकं ते तयार आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला हेवी मेटलवर लिहायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी लागते. शब्दशः बघितलं तर याहून हेवी मेटल आमच्या जिल्ह्याने पाहिलेलं नाही.

यात नुसता विनोद नाही. या तोफेचा धातू म्हणजे कांसं : सुमारे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. घंटा याच मिश्रणाच्या करतात, कारण ते वाजतं आणि वाजल्यावर बराच वेळ घुमत राहतं. ड्रमसेटवरच्या चांगल्या सिंबल्स, म्हणजे त्या मोठ्या थाळीएवढ्या झांजा, साधारण याच प्रमाणाच्या असतात. सिंबल्स बनवणारं जगातलं सगळ्यात नावाजलेलं घराणं झिल्जियान, त्यांचा कारखाना १६२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सुरू झाला. आणि मलिक-ए-मैदान ओतणाऱ्या कारागिराच्या नावात ‘रूमी’ आहे. रूमी म्हणजे रूमचा, तुर्की मुलखातला. म्हणजे परांड्याची तोफ आणि मेटल ड्रमरची झांज यांचं गोत्र फार लांबचं नाही.

हे सांगायचं कारण असं, की ‘हे काय आपलं संगीत आहे का?’ हा प्रश्न मी गेली आठ-दहा वर्षं ऐकतोय. घरात, ऑफिसात, गावाकडच्या लग्नात. त्याचं उत्तर मला एका अल्बमने दिलं. मुंबईचा ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ हा बँड, साल २०१७, अल्बमचं नाव ‘दशावतार’. बँड तेव्हा सतरा वर्षांचा होता. पण त्या अल्बमपर्यंत पोचायला दोन स्टेशनं आधी घ्यावी लागतील.

पत्र्याच्या कारखान्यातून

पहिलं स्टेशन बर्मिंगहॅम. १९६५ च्या सुमाराची गोष्ट. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामाच्या शेवटच्या दिवशी त्याचा उजवा हात यंत्रात सापडला आणि दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे गिटारच्या तारा दाबायला नेमका उजवाच हात लागायचा. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांच्यावर चामडं चिकटवलं आणि हलक्या तारा लावून पुन्हा वाजवायला बसला. पुढे तारा सैल सोडून खालच्या सुरात वाजवायला लागला, म्हणजे बोटांवर ताण कमी. त्यातून जो जड, खर्जातला आवाज आला, त्यावर आजही सगळं मेटल उभं आहे. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न काही काळ कत्तलखान्यात कामाला होता. त्याच भागातल्या ‘जुडास प्रीस्ट’ने १९८० च्या अल्बमला सरळ ‘ब्रिटिश स्टील’ नाव दिलं. त्यांचा एक गिटारवादक त्या सरकारी पोलाद कंपनीत नोकरी करून आला होता.

थोडक्यात, तिकडे हे कामगारांच्या पोरांचं संगीत होतं. घणाचा आवाज ज्यांच्या कानात बसलेला, त्यांनी तो गिटारवर काढला.

धोबी तलावचं खुलं नाट्यगृह

दुसरं स्टेशन मुंबई. इथं येताना गंमत झाली. कामगारांचं हे संगीत आपल्याकडे उतरलं ते इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजांत. ज्याचा मामा परदेशात, त्याच्याकडे कॅसेट. ज्याच्याकडे कॅसेट, त्याच्याकडे चार मित्र. गिरणगावात यंत्रांचा आवाज रात्रंदिवस चालू होता, पण तिथल्या पोरांपर्यंत आयोमीची गिटार पोचायला रस्ताच नव्हता. परळ-लालबागची पोरं ढोल, बेंजो आणि नाशिकबाजावर नाचत होती.

१९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला आणि धोबी तलावच्या रंगभवनला या लोकांचं देऊळ करून टाकलं. रंगभवन म्हणजे सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं खुलं नाट्यगृह. वर आभाळ, समोर भारतीय बँड. ‘रॉक मशीन’, जो पुढे ‘इंडस क्रीड’ झाला, त्या पिढीचे बँड इथं मोठे झाले. १९९१ नंतर केबलवर एमटीव्ही आला, तेव्हा ज्यांचा मामा परदेशात नव्हता त्यांनाही थोडं दिसायला लागलं.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र. रंगभवनच्या एका बाजूला कॉलेज, जवळच रुग्णालयं. काही वर्षांतच तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. महोत्सव अंधेरीकडे गेला, मग थांबला, २०२२ मध्ये पुन्हा उभा राहिला. पण रंगभवन गेलं ते गेलंच.

नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला विचारा. पण याच नियमांत राज्य सरकारला वर्षातले पंधरा दिवस सणासुदीसाठी रात्री बारापर्यंत सूट देता येते. त्यामुळे मिरवणुकीच्या डीजेला वर्षाकाठी काही रात्री हक्काच्या मिळतात. रॉकचा कार्यक्रम हा कुणाचा सण नाही, त्यामुळे त्याची एकही रात्र नाही. कुठला मोठा आवाज ‘आपला’ आणि कुठला ‘गोंगाट’, हे डेसिबलच्या मीटरवर ठरत नाही. ते कॅलेंडरवर ठरतं.

याच काळात एक उलटी गोष्टही घडली. १ फेब्रुवारी २००८ ला ‘आयर्न मेडन’ने आपल्या जगभरच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत, वांद्र्याला केला. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन हाच त्यांच्या बोइंग ७५७ चा वैमानिक. परदेशी देव विमानात बसून दारात आले. स्थानिक बँडना मात्र वाजवायला अंगण राहिलेलं नव्हतं.

सतरा वर्षं टिकणं

अशा दिवसांत डिमॉनिक रेझरेक्शन चालू होता. साहिल मखिजा या मुंबईच्या पोराने तो २०००मध्ये, कॉलेजच्या वयात काढला. पहिला अल्बम त्याच वर्षी. २००५ मध्ये ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, २०१० मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’, २०१४ मध्ये ‘द डिमन किंग’. नावांवरूनच कळेल की सगळा मामला अंधार, सैतान आणि त्यांच्या काल्पनिक राज्यांचा. २०१० मध्ये हा बँड नॉर्वेच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात वाजवून आला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा ग्लोबल मेटल पुरस्कार त्याला मिळाला.

ज्यांना हे संगीत माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इथं गायक बऱ्याचदा गात नाही, पोटातून गुरगुरतो. ड्रमर दोन्ही पायांनी खर्जाचा ड्रम वाजवतो, मशिनगनसारखा. गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो, त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात आम्ही त्याला ‘क्लिपिंग’ म्हणायचो : सिग्नल इतका वाढवायचा की सर्किटला तो पेलत नाही आणि लाटेचे शेंडे कापले जातात. परीक्षेत हा दोष असतो, इथं हीच चव असते.

आता या संगीतावर भारतात पोट भरतं का? नाही. सिनेमात ते वाजत नाही, लग्नात वाजत नाही, रेडिओवर वाजत नाही. म्हणून अशा बँडचं आयुष्य साधारण ठरलेलं असतं. फर्स्ट इयरला बँड, फायनल इयरला एक डेमो, कॅम्पस प्लेसमेंट झाली की गिटार कपाटावर. माझ्या ऑफिसच्या मजल्यावर असे किमान तीन माजी गिटारवाले आहेत.

मखिजाचं वेगळेपण इथं आहे. त्याने वाजवण्यासोबत बाकीची सगळी कामं अंगावर घेतली. स्वतःचं लेबल काढलं, दुसऱ्यांचे अल्बम काढले, घरच्या स्टुडिओत इतर बँडची रेकॉर्डिंगं केली, कार्यक्रम भरवले. शिवाय यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ नावाचं स्वयंपाकाचं चॅनल चालवलं. त्याला मेटलहेड म्हणून ओळखणाऱ्यांपेक्षा कीटो डाएटच्या रेसिपी सांगणारा दाढीवाला म्हणून ओळखणारे लोक कदाचित जास्त निघतील. अंड्याच्या आणि चीजच्या जोरावर डेथ मेटल जगवणं, याला मी मुंबईची खरी बर्मिंगहॅमगिरी म्हणेन. बोटं तुटली तर टोप्या करायच्या, बाजार नसेल तर ऑम्लेट.

म्हणून आपल्याकडे जुन्या मेटल बँडचा नवा अल्बम येणं ही नुसती रिलीजची बातमी नसते. इंडस क्रीडला १९९५ नंतरचा अल्बम काढायला २०१२ उजाडलं. बंगळूरचा ‘क्रिप्टॉस’ १९९८ पासून आहे, त्यांचा ‘डेसिमेटर’ २०२४ मध्ये आला. अशा प्रत्येक अल्बमच्या मागे न सोडलेल्या किंवा सोडून दिलेल्या नोकऱ्या, बदललेले ड्रमर आणि घरच्यांचे मिटलेले ओठ असतात.

मेमरी कार्ड ते जिओ

आमच्याकडे हे संगीत सगळ्यात उशिरा पोचलं. मी शाळेत असताना धाराशिवला गाणी मोबाइलच्या दुकानात मिळायची. मेमरी कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपये द्यायचे, दुकानदार कार्ड भरून द्यायचा. त्यात काय येणार हे त्याच्या कॉम्प्युटरवर ठरायचं : नव्या हिंदी पिक्चरची गाणी, अजय-अतुल, भीमगीतं, आराध्यांची देवीची गाणी, डीजे रिमिक्स. त्या फोल्डरांत गुरगुरणारा माणूस सापडणं शक्यच नव्हतं.

इंजिनिअरिंगला पुण्यात आलो आणि हॉस्टेलच्या हार्ड डिस्कवर तो सापडला. त्यातच सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकट. ‘दशावतार’ त्याच मार्चमध्ये आला. मुंबईच्या बँडचा नवा अल्बम धाराशिवच्या पोराने त्याच महिन्यात ऐकला, हे बहुधा पहिल्यांदाच शक्य होत होतं. रंगभवनला जायला मुंबई, इंग्रजी आणि ओळख लागायची. इथं फक्त सिम कार्ड लागलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी ऐकत होतो. आज्जी शेंगा फोडत बसली होती. थोडा वेळ तिने ऐकलं आणि विचारलं, ‘‘कोण वरडायलंय रं हे? अंगात आलंय का त्याच्या?’’

मला तेव्हा हसू आलं. पण याहून नेमकं परीक्षण मी अजून वाचलेलं नाही. तुळजापूरच्या मुलखातली बाई. तिच्यासाठी माणसाचा आवाज बदलणं, खरखरणं, गुरगुरणं याला अर्थ होता. तिने रात्रभर चाललेले गोंधळ पाहिले होते. संबळ ऐकलाय तुम्ही? दोन जोडलेले ड्रम, एकाचा आवाज खोल, एकाचा चढा, आणि लय वाढायला लागली की समोरचा माणूस जागेवर बसू शकत नाही. सोबत तुणतुणं, झांज, पेटलेला पोत आणि एक लांबलचक गोष्ट. ती गोष्ट बऱ्याचदा राक्षसाच्या वधाची. तुळजाभवानीची मूर्तीच महिषासुरमर्दिनीची आहे, पायाशी महिषासुर.

पश्चिमेत मेटलवाल्यांना ‘तुम्ही सैतानाचे’ म्हणून आयुष्यभर शिव्या खाव्या लागल्या, कारण तिथं सैतान हा देवाचा पक्का शत्रू. आमच्याकडे म्हसोबाला नैवेद्य असतो आणि वेताळाचं देऊळ असतं. भीतीदायक गोष्टीला गावकुसाबाहेर का होईना, जागा देऊन टाकायची आमची पद्धत आहे. त्यामुळे मखिजाच्या पहिल्या अल्बममधले सैतान आमच्याकडे कुणालाच टोचले नाहीत. ते आयात केलेले होते. त्यांच्याशी आमचं काही देणंघेणं नव्हतं.

नववं गाणं

‘दशावतार’मध्ये मात्र ते बदललं. दहा गाणी, दहा अवतार : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. गाणी इंग्रजीत, सुरावटींत भारतीय वाद्यं मिसळलेली. खांब फोडून बाहेर येणारा, अर्धा सिंह अर्धा माणूस असलेला नरसिंह तर मेटलसाठीच जन्माला आलाय असं वाटतं. आणि या गोष्टी मोठ्या आवाजात, रंगमंचावर, रात्री करणं यात नवीन काय आहे? कोकणात दशावतारी मंडळी पिढ्यानपिढ्या हेच करतायत.

हॉस्टेलवर आम्ही दोघं हा अल्बम ऐकायचो. मी आणि माझा रूममेट, तोही आमच्याच जिल्ह्याचा. आठ गाणी झाली. नववं सुरू झालं. त्याने स्क्रीनवर नाव वाचलं आणि इअरफोन काढून ठेवला.

‘‘हे नाही ऐकणार मी.’’

तो बौद्ध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतर करताना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी नेमकी याच मुद्द्यावर आहे : बुद्ध हा विष्णूचा अवतार हे मानायचं नाही, तो खोटा प्रचार आहे. ज्यांच्या घरात ही प्रतिज्ञा आहे त्यांच्यासाठी ती पुस्तकातली तळटीप नसते. आजोबांनी काय सोडलं आणि का सोडलं, त्याचा तो हिशेब असतो. एका यादीतल्या नवव्या नंबरने तो पुसला जातो.

मी म्हणालो, बँडच्या डोक्यात असलं काही नसेल, त्यांनी पुराणातली यादी जशीच्या तशी घेतलीय. तो म्हणाला, ‘‘तेच तर म्हणतोय मी. जशीच्या तशी.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पुढे सुट्टीत आम्ही दोघं तेरला गेलो. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार करणारं गाव, आणि संत गोरोबाकाकांचंही गाव. तिथं त्रिविक्रमाचं देऊळ आहे. त्रिविक्रम म्हणजे तीन पावलं टाकणारा वामन, अल्बममधलं पाचवं गाणं. आत मूर्ती त्याचीच. पण देवळाला बाहेरून फेरी मारली तर मागची बाजू अर्धगोल दिसते, विटांची, चैत्यगृहासारखी. हेन्री कझिन्ससारख्या अभ्यासकांनी ही वास्तू मुळातलं बौद्ध चैत्य मानली. काही अभ्यासकांना ते पटलेलं नाही, वाद चालू आहे. म्हणजे पाचवं गाणं आणि नववं गाणं यांचं भांडण आमच्या जिल्ह्यात एकाच इमारतीत, विटांमध्ये उभं आहे.

शिवाय महाराष्ट्रात ही यादी नेहमी ‘जशीच्या तशी’ राहिलेलीच नाही. आपल्याकडच्या जुन्या दशावतार चित्रांत आणि शिल्पांत नवव्या जागी पुष्कळदा विठोबा उभा दिसतो. कुणी तो बुद्ध मानला, कुणी नाही. यादी कोरीव दिसते, पण तिच्यावर प्रत्येक काळाने हात फिरवलाय.

मला या अल्बमबद्दल जे म्हणायचंय ते हेच आहे. सतरा वर्षं हा बँड परक्या अंधाराबद्दल गायला आणि कुणी इअरफोन काढला नाही. ज्या दिवशी तो आपल्या गोष्टींकडे वळला, त्या दिवशी माझ्या आज्जीला त्यातला नरसिंह ओळखता आला आणि माझ्या मित्राला त्यातला अन्यायही ओळखता आला. दोन्ही गोष्टी एकाच दाराने आत येतात. आपल्या मातीतलं काही घ्यायचं ठरवलं की तिच्यातले वारसाहक्काचे दावेही सोबत येतात, फक्त सुगंध वेगळा काढून घेता येत नाही. ‘हे आपलं संगीत आहे का?’ या प्रश्नाला म्हणूनच माझं उत्तर आता हो असं आहे. सितारीमुळे नाही, संस्कृत नावांमुळेही नाही. त्याच्याशी घरच्यासारखं भांडता येतं म्हणून.

मखिजाने पुढे ‘डिमनस्टीलर’ या एकट्याच्या नावाने २०२३ मध्ये ‘द प्रोपगंडा मशीन’ काढला. नावातच विषय आहे. आजच्या दिवसांविषयी, माणसांवर पेरल्या जाणाऱ्या खोट्याविषयी. तो माझ्या मित्राने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि मला रात्री दीड वाजता लिंक पाठवली, खाली एकही शब्द न लिहिता.

‘दशावतार’ही त्याने सोडलेला नाही. ऑफिसच्या बसमध्ये अजून ऐकतो. त्याच्या फोनमध्ये तो नऊ गाण्यांचा अल्बम आहे.